जहाजावर एकदाच विचारतात

माझा धाकटा भाऊ एका इंग्रजी प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता, आणि लग्न जमवताना ही गोष्ट आम्हाला फार महाग पडत होती. पगार ऐकून लोक खूश व्हायचे, पोहे संपवायचे, चहा प्यायचे आणि मग कपबशी खाली ठेवत विचारायचे, "म्हणजे घरी कधी असतात?" वर्षातले नऊ महिने समुद्रावर असतो म्हटलं की दोन दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप यायचा. भाऊ तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. आईनं देवासमोर बसून बोलणं सुरू केलं होतं, तेही मोठ्यानं, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल असं.

मी तेव्हा कोपरखैरण्यात डब्यांचा व्यवसाय करत होते. तुर्भ्याच्या कारखान्यांत डबे जायचे. आईचं घर माझ्या घराच्या मागच्याच गल्लीत होतं. स्थळं शोधण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण मला माणसं माहीत होती आणि नकार ऐकून मी रडत बसत नसे. त्या हिवाळ्यात एक चांगलं स्थळ आलं. मुलीचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर हमालांचे मुकादम. मुलगी बी.एस्सी. झालेली, तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. पत्रिका जुळली, उंची जुळली. मागच्या सुट्टीत भावाला तिनं पाहिलं होतं, त्यानं तिला पाहिलं होतं, आणि तो जहाजावर परत जाताना माझ्याशी तिच्याबद्दल दोनदा बोलला होता. एरवी तो असलं काही बोलणारा माणूस नाही. त्याला ती आवडली होती, हे मला तेवढ्यावरून कळलं.

अडलं ते मुलीच्या वडिलांपाशी.

"पोरगा चांगला हाय," ते म्हणाले. "पन जहाजावर ह्यो करतो काय, ऱ्हातो कसा, ते डोळ्यानं बघितल्याबिगर मी शब्द देनार न्हाई."

मी हे भावाला पत्रानं कळवलं. त्याचं उत्तर आलं की जहाज लवकरच दोन दिवस मुंबई बंदरात थांबणार आहे. प्रवासी गावात फिरायला उतरतील, तेव्हा काम करणाऱ्यांच्या घरच्यांना जहाज दाखवायची परवानगी मिळते. मुख्य आचाऱ्याला विचारून त्यानं चौघांच्या जेवणाचीही सोय केली. दुपारी आम्ही जहाजावर जेवायचं, संध्याकाळी त्याला दोन तासांची सुट्टी मिळेल तेव्हा तो घरी येणार आणि उत्तर ऐकून परत जाणार. दुसऱ्या दिवशी जहाज निघालं की पुढचे सहा महिने तो दिसणार नव्हता. म्हणजे जे काय ठरायचं ते त्याच दिवशी.

आईचे गुडघे दुखत होते, ती घरीच थांबली. डबे माझ्या मिस्टरांवर सोपवून मी, मुलगी आणि तिचे आईवडील असे चौघं भाड्याच्या मारुती व्हॅननं निघालो. मुलीची आई रस्ताभर तिला हळू आवाजात सूचना देत होती. पदर सांभाळ, जास्त बोलू नको, वाढायला आले की लगेच ताट पुढं करू नको. मला यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं.

बंदरात शिरल्यावर पहिला धक्का बसला. मी जहाज म्हणजे भाऊच्या धक्क्यावरची मोठी लाँच अशी काहीतरी कल्पना करून गेले होते. समोर होती ती वाशीतल्या कुठल्याही सोसायटीपेक्षा उंच पांढरी भिंत, तिला खिडक्यांच्या रांगा. मुलीचे वडील मान वर करून बघत राहिले, त्यांची टोपी मागं सरकली. "ह्ये पान्यावर ऱ्हातं?" एवढंच ते म्हणाले.

भाऊ शिडीपाशी आला होता. पांढरा कोट, चौकड्यांची विजार, डोक्यावर उंच टोपी. त्यानं आम्हाला स्वयंपाकघर दाखवलं. ते आमच्या सेक्टरच्या शाळेएवढं होतं. एक यंत्र बटाटे सोलत होतं. मुलीचे वडील तिथं बराच वेळ उभे राहिले आणि एक बटाटा हातात घेऊन बोटानं दाबून बघून त्यांनी तो परत ठेवला. मी बघत होते ते डाव्या बाजूला, जिथं सकाळच्या न्याहारीच्या ताटल्या परत आल्या होत्या. अर्धी अंडी, न मोडलेले सॉसेज, लोणी लावून तसेच ठेवलेले पाव. एक मुलगा ते सगळं खरवडून पिंपात ढकलत होता. तेवढ्यात माझ्या गल्लीतली पंधरा माणसं जेवली असती. मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, बघू नकोस. मीपण पहिल्या वर्षी बघायचो."

मग त्यानं आम्हाला जेवणघराच्या दारापर्यंत सोडलं आणि तो परत गेला. स्वयंपाकघरातल्या माणसांनी कामाच्या वेळी जेवणघरात यायचं नाही, असा तिथला नियम. हे त्यानं मला सांगितलं होतं, मी मुलीच्या वडिलांना सांगितलं, आणि त्यांनी मान हलवली. पण जावई होऊ घातलेला मुलगा पाहुण्यांना दारात सोडून आत जातो, हे त्यांच्या मनात कुठंतरी टोचलं असणार.

आत गालिचा, पांढरे टेबलक्लॉथ, आणि ताटलीच्या दोन्ही बाजूंना इतके काटे-सुऱ्या की चौघांच्या मिळून माझ्या घरातल्या सगळ्या चमच्यांपेक्षा जास्त झाल्या असत्या. आम्हाला वाढायला आला तो गोरा माणूस. पन्नाशीचा, केस पिकलेले, हातात पांढरे मोजे. त्यानं मुलीच्या आईसाठी खुर्ची मागं ओढली. तिला वाटलं, त्याला खुर्ची हवी आहे. ती बाजूला झाली. तो खुर्ची धरून उभा, ही पदर धरून उभी. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, बस. ती तुझ्यासाठी आहे." आई बसली, पण खुर्चीच्या अगदी टोकावर, जेवण संपेपर्यंत.

"गोरा मानूस वाढायला," मुलीचे वडील माझ्याकडे वाकून म्हणाले. "माझ्या आज्याला सांगितलं असतं तर त्यानं मला येड्यात काढलं असतं."

आधी सूप आलं. बटाट्याचं, पांढरं, वर हिरव्या पातीचे चार तुकडे. ते न विचारताच समोर ठेवलं गेलं, म्हणून सगळ्यांच्या पोटात गेलं. चवीला ते आजाऱ्याच्या पेजेसारखं होतं. मीठ होतं, एवढंच काय ते.

त्यानंतर तो मोठं चांदीसारखं ताट घेऊन आला. पिठात बुडवून तळलेले माशाचे मोठे तुकडे, बटाट्याच्या जाड फोडी, आणि बाजूला वाटाण्याचा हिरवा लगदा, ज्याला फोडणी म्हणून नव्हती. तो मुलीच्या आईजवळ वाकला आणि त्यानं अदबीनं विचारलं. तिनं हसून ताटलीवर हात आडवा धरला. "नको, नको."

आमच्याकडे ताटलीवर हात आडवा धरला की वाढणारा त्या हाताच्या बाजूनं वाढतो. हात मग आपोआप बाजूला होतो. तो मान किंचित झुकवून पुढं गेला.

मुलीच्या वडिलांनीही हात धरला. "बास, बास." ताटली कोरी होती, पण ते बास म्हणाले, कारण तसंच म्हणतात. तो पुढं गेला. मी दोन बोटांच्या चिमटीनं दाखवलं, थोडंसं. त्यानं मला बटाट्याच्या दोन फोडी आणि माशाचा लिंबाच्या फोडीएवढा तुकडा वाढला. मी आयुष्यभर लोकांना वाढत आले आहे. थोडंसं म्हणजे किती हे मला कुणी शिकवावं लागत नाही. थोडंसं म्हणजे नेहमीएवढं. मी त्या तुकड्याकडे बघत राहिले.

मग तो मुलीकडे गेला आणि ती म्हणाली, "यस, प्लीज."

तिच्या ताटलीत दोन मोठे तुकडे पडले, फोडींचा ढीग पडला आणि लगदाही. ती काट्यानं खाऊ लागली. तिची आई तिच्याकडे बघत होती. मीही बघत होते. सोयरीक ठरायची आहे, वराची बहीण समोर बसली आहे, आणि मुलगी पहिल्याच विचारण्याला हो म्हणते, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही तिघं थांबलो. तो परत येईल, पुन्हा म्हणेल, एकच घ्या, माझ्यासाठी घ्या, असं काहीतरी. तो आला, आणि त्यानं ताटल्या उचलल्या. कोऱ्या होत्या त्यासुद्धा.

नंतर भाजलेलं मटण आलं, सुरीनं कापलं की आत गुलाबी. त्याच्याबरोबर पुदिन्याची गोड चटणी. मटणाला गोड चटणी. मुलीचे वडील मटण खाणारे माणूस होते, सकाळपासून त्यांनी पोटात जागा ठेवली होती, हे त्यांनीच व्हॅनमध्ये सांगितलं होतं. पण एका पदार्थाला नको म्हटल्यावर दुसऱ्याला लगेच हो म्हणणं म्हणजे भुकेनं आल्यासारखं दिसणं. ते परत म्हणाले, "नको." आवाज मात्र थोडा बारीक झाला होता.

आता मला राहवेना. वराकडची मी एकटीच होते, आग्रह करणं माझं काम होतं. पण करणार कसा. ताट त्या गोऱ्याच्या हातात. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला म्हटलं, त्यांना द्या. त्यानं पुन्हा त्यांना विचारलं. ते घाईनं म्हणाले, "नो, नो." त्यानं माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे सांगितलं की साहेब नको म्हणतायत. आणि तो निघून गेला.

"ते परत विचारत नाहीत," मुलगी म्हणाली. तिच्या तोंडात घास होता. "आप्पा, हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा."

"तू गप," तिची आई म्हणाली. "किती खातेस. लोक बघतायत."

"कोण बघतंय? सगळं रिकामं आहे."

"ताई बघतायत की."

मी उगीच गालिच्याकडे पाहिलं.

"जेवायला बोलवायचं आन येकदाच इचारायचं," मुलीचे वडील म्हणाले. "ही कसली रीत म्हनायची?"

मग पाई आली. खाली मटणाचा खिमा, वर बटाट्याचा थर, भट्टीत लाल केलेला, त्यावर काट्यानं ओढलेल्या रेघा. ही भाऊ करतो, हे मला माहीत होतं. मी लाज सोडून घेतली. मिरी आणि मीठ, बाकी मसाला नाही, तरी खिमा नीट शिजला होता आणि बटाट्याला लोण्याची चव होती. हे मी मान्य करते. मुलीच्या आईवडिलांनी हात आडवे धरले. मुलीनं खाल्ली, आणि मग जे केलं त्यानं मला खरंच धक्का बसला. तिनं त्या माणसाला खुणेनं बोलावलं आणि अजून मागितली.

शेवटी वाफवलेलं पुडिंग आलं, मनुकांचं, वर गरम पिवळं कस्टर्ड. मुलीच्या वडिलांची नजर त्या ताटाबरोबर आली आणि त्या ताटाबरोबर गेली.

बाहेर पडताना भाऊ दाराशी आला. घामानं टोपीची कड भिजली होती. "जेवलात ना पोटभर?" त्यानं मुलीच्या वडिलांना विचारलं.

"जेवलो की," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"पाई छान होती," मुलगी म्हणाली. भावाचे कान लाल झाले. मला वाटलं, जमलं.

व्हॅन चेंबूर ओलांडून पुढं आली. खाडीपुलावर मुलीच्या वडिलांनी खिडकीबाहेर बघत सुरुवात केली. "ताई, माझ्या घरी हमाल जरी जेवायला बसला तरी मी त्येला तीनदा वाढतो. न्हाई म्हनला तरी वाढतो. आज मी तुमच्या भावाच्या दारातनं उपाशी आलो. ही सोयरीक कशी व्हायाची?"

मी सांगितलं की तो नियम जहाजाचा आहे, भावाचा नाही. ते म्हणाले, जो जिथं नऊ महिने ऱ्हातो तो तिथला होतो. मी ड्रायव्हरला सरळ आईच्या घरी न्यायला सांगितलं.

घरी पोचल्यावर मी पदर खोचला. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, आईनं केलेला शिरा होताच. मुलीचे वडील ताटावर बसले, "नको नको" म्हणाले, आणि मी वाढलं. हात धरला, मी हाताच्या बाजूनं वाढलं. ताट मागं सरकवलं, मी पुढं सरकून वाढलं. आई पलंगावरून ओरडत होती, "अगं, त्यांना तूप वाढ, लाजतायत ते." मुलीची आई "बास, बास" म्हणत तीन भाकऱ्या जेवली. तासाभरात मुलीच्या वडिलांचा चेहरा मोकळा झाला. ढेकर देऊन ते म्हणाले, "ह्याला म्हंत्यात जेवन. बटाटा चांगला होता जहाजावरचा, बरं का. पन नुसत्या बटाट्यानं काय हुतं."

मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ठरवून टाकू. पोरगा येतोयच संध्याकाळी. साखर आना."

आईनं डोळे पुसले. मी साखरेचा डबा काढला. आता मुलीला विचारायचं म्हणून विचारायचं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, जेवली नव्हती, पोट भरलेलं होतं तिचं.

"काय गं, पसंत ना?" आई म्हणाली.

"नको," ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. आई म्हणाली, "लाजतेय." तिची आई म्हणाली, "असं म्हणू नये, बाळ. मोठ्यांनी विचारलंय. नीट सांग."

"मला हे लग्न नको."

"पहिल्यांदा सगळ्याच म्हणतात," मी म्हटलं. मी साखरेची चिमूट घेऊन तिच्यासमोर वाकलेही होते. "मीपण म्हटलं होतं. घे."

तिनं तोंड बाजूला केलं. "ताई, दुपारी मी हो म्हटलं तेव्हा तुम्हाला सगळ्यांना खरं वाटलं. खाते म्हणून बघत होतात. मग आता नको म्हणते ते का खरं वाटत नाही?"

मी तशीच वाकलेली राहिले. साखर बोटांना चिकटायला लागली.

"कारन तरी सांग," तिचे वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"माणूस वाईट नाही. चांगला आहे. पण तो जहाजावर असणार आणि मी इथं बसणार. ताईंनी तुम्हाला सांगितलंय, नोकरी सोडावी लागेल, आई एकट्या असतात म्हणून. मला लॅब सोडायची नाही. हे मी घरी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू."

हे मी सांगितलं होतं, खरंच. मला ती अट वाटलीच नव्हती. घरात सून येते ती घरात राहायला येते, एवढं साधं गणित होतं. एक मुलगी तळोज्याला बसनं जाऊन काचेच्या नळ्यांत काय ओतत असेल, ते तिला सोडवत नसेल, हे मला सुचलं नव्हतं. मला तिचा राग आला. नंतर लगेच असंही वाटलं की रागवायला माझ्या हातात काही नाही. ती सरळ सांगत होती.

तिचे वडील उठले, टोपी घातली. "पोरीचं आयकायला पायजे हुतं," ते कुणाकडेच न बघता म्हणाले, आणि माझ्या आईला हात जोडून बाहेर पडले. जाताना तिच्या आईनं ताटं उचलायला वाकल्यासारखं केलं. मी म्हटलं, "राहू द्या," आणि तिनं खरंच राहू दिलं.

भाऊ सातच्या सुमारास आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात इंग्रजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आईनं तोंड भिंतीकडे केलं. सांगायचं मलाच होतं. मी त्याला बसवलं आणि एका दमात सांगितलं. मुलीला नको आहे. तू नाही, जहाज नको आहे.

त्यानं डबा मांडीवर घेतला. "जेवली ना पण?" त्यानं विचारलं.

"जेवली. एकटीच जेवली."

"पाई दोनदा घेतली तिनं. वाढणाऱ्यानं आत येऊन सांगितलं. ताटली परत आली ती पुसल्यासारखी होती." तो थांबला. "आमच्यात ताटलीवरून कळतं माणसाला आवडलं की नाही. मला वाटलं, हो म्हणेल."

मी म्हटलं, पाई आवडली होती तिला, ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "हो, ते कळलं."

आई वळली. "मी उद्या सकाळी जाते त्यांच्याकडे. पोरीची जात आहे, आज नको म्हणाली. चार दिवसांनी परत विचारू. नोकरीचं काहीतरी बघू."

"आई, नाही."

"अरे, एकदा तरी..."

"विचारलं ना? तिनं सांगितलं ना? मग झालं. कुणी त्यांच्या घरी जायचं नाही. ताई, तूपण नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या बाजूनं बोलावं म्हणून. दुपारी पुलावरून त्यांना घरी जेवायला आणलं, तेव्हाची मी असते तर बोललेही असते. नोकरीचं खरंच काहीतरी बघता आलं असतं, तशी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. मी बोलले नाही. उठून स्टोव्ह पेटवला आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला घेतली, कारण त्याला आठ वाजता निघायचं होतं. तो जेवला, खाली मान घालून, नेहमीपेक्षा कमी. दुसरी भाकरी संपली तेव्हा मी तिसरी त्याच्या ताटाशी नेली आणि विचारलं, "हवी का?"

"नको," तो म्हणाला.

मी भाकरी परत टोपलीत ठेवली. आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्याला घरातून हाकलून दिलं.